हिमालयन ४११ मागून खाली करायची आहे, उंची ५ फूट २. लिंक बदलू की सीट कापू?

पाय_पुरत_नाहीत

नमस्कार मंडळी. नागपूरला मनीषनगरात राहते, ऑफिस मिहानला. उंची ५ फूट २, वजन ५४ किलो, आणि महिनाभराआधी सेकंड हँड हिमालयन ४११ घेतली, बीएस ६ वाली, एमएच-४९ पासिंग. घेताना घरच्यांपासून ऑफिसच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांनी सांगितलं की १९९ किलोची गाडी आहे, सीट ८०० एमएमवर आहे, तुला झेपायची नाही. पण आठ वर्षं स्कूटर चालवून कंटाळले होते आणि चिखलदऱ्याला एकदा स्वतःच्या गाडीनं जायचं हे डोक्यात बसलं होतं, तर घेऊन टाकली.

चालवताना काहीच प्रॉब्लेम नाही. थांबताना आहे. दोन्ही पायांचे नुसते अंगठे टेकतात, आणि आपल्याकडचे सिमेंट रोड तुम्हाला माहीतच आहेत, रोडची कड उंच आणि बाजूचे गट्टू खाली, सिग्नलला डावीकडे सरकून थांबलं की पाय खाली जातच राहतो जातच राहतो. मागच्या मंगळवारी छत्रपती चौकात असाच पाय गेला आणि गाडी आडवी. दोन भाऊ धावत आले, उचलून दिली. लेग गार्ड वाकला, बाकी इज्जत गेली तेवढीच.

घराजवळच्या गॅरेजवाल्याला विचारलं तर तो म्हणे ताई टेन्शन नका घेऊ, मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगची दोन वेटोळी कापून टाकतो, ३०० रुपयात काम. नाहीतर म्हणे लेथवरून लांब पट्ट्या बनवून आणतो, दोन इंच खाली बसवून देतो. ऑनलाइनपण तशाच पट्ट्या लोअरिंग लिंक म्हणून मिळून राहिल्या. यातलं काय करू? आणि खाली केल्यावर अजून काय काय बिघडतं हे कोणी नीट सांगेल का, कारण गॅरेजवाला म्हणतो काहीच होत नाही, आणि काहीच होत नाही म्हणणाऱ्या माणसाची मला भीती वाटते.

सावजी_टूरर

स्प्रिंग कापायची गोष्ट केली ना त्यानं, आता त्याच्याकडे हवा भरायला पण जाऊ नका.

कारण असं की वेटोळी कमी झाली की स्प्रिंग मऊ नाही, अजून कडक होते. शिवाय कापलेलं टोक सपाट नसतं, ते बैठकीवर नीट बसत नाही आणि चाक हवेत गेलं की स्प्रिंग आतल्या आत ढिली होऊन खडखडते. काही जण कापत नाहीत तर गॅसवर लाल करून दाबतात, ते तर त्याहून वाईट, स्प्रिंगचं पाणीच उतरतं, चार महिन्यांत बसून जाते. दुसरे जण शॉकअप खोलून आतली ट्यूब छोटी करतो म्हणतात. गॅस भरलेला शॉकअप असेल तर आत प्रेशर असतं, तो उघडायचा धंदा ज्याच्याकडे नायट्रोजन भरायची सोय आहे त्याचाच.

५ फूट २ ला ४११ अशक्य नाही. माझी बायको ५ फूट १ आहे, तीच चालवते. मी मागे बसतो.

लेथवाले_काकाजी

पोरी, मी हिंगणा एमआयडीसीत बावीस वर्षं लेथवर आहे, तं पट्टीचं मी सांगतो.

तुझ्या गाडीले मागं एकच शॉकअप आहे आणि तो मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याले सरळ नाही जोडला, मधात लिंकेज आहे. त्यात दोन पट्ट्या असतात, हाडकासारख्या दिसतात म्हणून डॉगबोन म्हणतात. ते पट्ट्या लांब केल्या की चिमटा वर जाते आणि गाडी खाली बसते, तुझ्या गाडीत असंच आहे, काही काही गाड्यांत उलटं पण असते. आता ह्या लिंकेजची गंमत अशी की चाक जितकं हलते तितका शॉकअप नाही हलत, अशा गाड्यांत चाकाच्या साधारण अडीच-तीन हिश्श्यातला एक हिस्सा शॉकअप दबते. म्हणजे मधात कुठं थोडासा फरक केला तं चाकापाशी तो फुगून दिसते. "दोन इंच खाली" म्हणणारा माणूस हा गुणाकार करून नाही म्हणत, त्याले वाटते पट्टी जितकी लांब तितकी गाडी खाली.

माह्याकडे पोरं येतात भंगारातली पट्टी घेऊन, काकाजी दोन भोकं मारून द्या. मी नाही देत. माइल्ड स्टीलच्या पट्टीचं भोक काही महिन्यांत अंड्यासारखं होते. कमीत कमी ईएन-८, नाही तं ईएन-२४ चं पोलाद पाहिजे, दोन्ही पट्ट्यांची भोकं एकाच सेटिंगमध्ये एकावर एक ठेवून मारायची, म्हणजे एका सुताचाही फरक नाही राहात. एक पट्टी लांब एक छोटी झाली तं सारा लोड एकीवर येते आणि बुश एका बाजूनं खाते. बोल्ट १०.९ ग्रेडचा, गाडीसोबत आलेलाच वापरायचा, हार्डवेअरच्या दुकानातला नाही. आणि जुनी पट्टी मधात कापून तुकडा जोडून वेल्डिंग करायचं तं नावच नाही काढायचं. ते पट्टी तुटली की गाडी धपकन चाकावर बसते आणि चाक जाम. ८० च्या स्पीडले चाक जाम झालं तं काय होते ते सांगायले तू परत येशीन का?

ट्विनशॉक_जुना_गडी

काकाजींचं बरोबर आहे पण आमच्या वेळी स्प्लेंडरला छोटे शॉकअप टाकायचो अन झालं, एवढा विचार कोण करत होतं.

पेंचवाला

मी लिंक टाकली होती, सहा महिने चालवली, मग काढली. माझा पश्चात्ताप सविस्तर सांगतो म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

पार्सल आलं रविवारी, दोन तासात बसवली, मागून ३० एमएमच्या आसपास खाली आली, पाय मस्त टेकले, मी खुश. खुशीत अमरावती रोडवर पेट्रोल टाकायला गेलो, साइड स्टँड लावला, उतरलो, टाकीचं झाकण उघडायला हात लावला आणि गाडी उजवीकडे पडली. गाडी खाली आली पण स्टँडची लांबी तीच ना! गाडी स्टँडवर झुकतच नव्हती, जवळजवळ उभीच राहून गेली होती आणि पंपावरचा उतार उजवीकडे होता. मग स्टँड कापून परत वेल्ड करून घेतला, २५ एमएम कमी केला. डबल स्टँड तर विसरूनच जा. आधी पाय दिला की गाडी चढायची, आता चाक तेवढं जास्त उचलावं लागतं, माझ्यासारख्या ८२ किलोच्या माणसाला दम लागत होता, ५४ किलोत तुम्ही त्यावर उभ्या राहिल्या तरी गाडी हलायची नाही.

मग हेडलाइट. मागून बसली म्हणजे पुढून नाक वर. रात्री रामटेककडून येताना समोरचा प्रत्येक ट्रकवाला मला डिपर मारून राहिला होता, मला वाटलं आज सगळे भांडायच्या मूडमध्ये आहेत. मनसरजवळ थांबून भिंतीवर झोत पाहिला तेव्हा समजलं.

आणि ज्याच्यामुळे काढली ते हे: मित्र मागे बसला होता, सामान होतं, पेंचच्या आधी एका गावात ब्रेकर दिसला नाही. मागून फर्रर्र असा आवाज आणि रबराचा वास. टायर आतल्या मडगार्डला घासला होता, प्लास्टिकला चांदीच्या वाटीएवढं भोक. मागच्या ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर तिथूनच जाते, नशीब तिला नाही लागलं.

पाय_पुरत_नाहीत

अरे बापरे. म्हणजे लिंक कॅन्सल असं समजू का? पण ऑनलाइन तर इतके लोक टाकून फिरून राहिले. आणि टायर घासला कसा, मागचा शॉकअप तर तोच होता ना, तो जितका दबायचा तितकाच दबेल ना?

ढिली_चेन

हा प्रश्न बरोबर विचारला तुम्ही, आणि सगळी ग्यानबाची मेख इथेच आहे. गाडी मागून खाली करायचे दोन वेगळे रस्ते आहेत आणि लोक दोन्हीला लोअरिंगच म्हणतात.

एक रस्ता लिंकचा. यात शॉकअप तोच, त्याची हालचाल तेवढीच, म्हणजे चाकाची १८० एमएमची हालचालही जवळपास तेवढीच राहते. फक्त ती सगळी हालचाल ३० एमएम वर सरकते. पूर्ण दाबल्यावर चाक आधी जिथं थांबायचं त्याच्या ३० एमएम वर जाऊन थांबणार. कंपनीनं तिथं जागा ठेवली असेल तर ठीक, नसेल तर मडगार्ड. पेंचवाल्या भाऊंचं हेच झालं.

दुसरा रस्ता शॉकअपच्या आत. दांड्यावर आतून छोटा स्पेसर टाकतात, त्यामुळे शॉकअप पूर्ण उघडतच नाही. समजा तिथं १० एमएमचा स्पेसर टाकला, चाकाजवळ २५-३० एमएम फरक पडेल. पण दबायची हद्द तीच राहते, त्यामुळे टायर घासत नाही. किंमत अशी की हालचाल कमी होते, १८० ची १५० राहते, आणि स्प्रिंग आत जास्त दाबून बसते म्हणून रिंग ढिली करावी लागते, कधी छोटी स्प्रिंगही लागते. हे काम सस्पेन्शन खोलणाऱ्या माणसाचं, गॅरेजवाल्याचं नाही. लिंकवाले टाकायच्या आधी निदान एवढं तरी करावं: शॉकअप काढायचा, नवीन लिंक लावायची आणि हातानं चाक वर उचलून पाहायचं काय कुठं लागतं. पाच मिनिटांचं काम आहे, कोणीच करत नाही.

आता एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. मागून २५ एमएम खाली केली म्हणजे सीट २५ एमएम खाली येत नाही. गाडी पुढच्या चाकाभोवती फिरते आणि तुम्ही मागच्या एक्सलवर बसत नाही, त्याच्या बऱ्याच पुढे बसता. तुमच्या वाट्याला साधारण दोन तृतीयांश येतं, १६-१७ एमएम. बाकीचं मागे बसणाऱ्याला आणि सामानाला. म्हणून लोक पुढचे फोर्कपण टी मधून (फोर्क धरणाऱ्या क्लॅम्पमधून) वर सरकवतात, मागे २५ तर पुढे १५ ते २०, दोन्हीकडे मोजून सारखे. नाही सरकवले तर ४११ चा व्हीलबेस, म्हणजे दोन्ही एक्सलमधलं अंतर, १४६५ एमएम आहे, २५ एमएमनं गाडी जवळपास १ डिग्री मागे कलते, हँडल सुस्त होतं, वळायला आळस करते. हेडलाइटचं गणितपण तेच, १ डिग्री म्हणजे २५ मीटरवर झोत ४०-४५ सेंटीमीटर वर, थेट ट्रकवाल्याच्या डोळ्यात. फोर्क सरकवले की परत पाहायचं की पूर्ण दाबल्यावर पुढचं मडगार्ड खालच्या टी ला लागत नाही ना, २१ इंची चाक आहे पुढे. आणि चेन. चेन सगळ्यात ताठ तेव्हा असते जेव्हा पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याचा बोल्ट आणि मागचा एक्सल एका रेषेत येतात. लिंक बदलली की स्टँडवर मोजायचा मॅन्युअलचा आकडा जसाच्या तसा लागू नाही, त्या ताठ जागी थोडी ढील उरते का ते पाहायचं.

पण हे सगळं नंतर. आधी सॅग मोजा, म्हणजे गाडीच्या आणि तुमच्या वजनानं मागून किती दबते ते. सेकंड हँड गाडी आहे, आधीच्या मालकानं रिंग कुठं ठेवली हे तुम्हाला माहीत आहे का?

पाय_पुरत_नाहीत

रिंग कोणती? 🙈 आधीचा मालक लडाखला जाऊन आला होता एवढं माहीत आहे, पॅनियरचे, म्हणजे बाजूच्या पेट्यांचे, रॅक अजून लागलेलेच आहेत.

ढिली_चेन

मग तर मोजाच. डबल स्टँडवर लावा, मागचं चाक हवेत. एक्सलपासून सरळ वर सीटखाली एक खूण करा आणि टेपनं अंतर घ्या. मग स्टँडवरून उतरवा, दोनदा दाबून सोडा, परत तेच अंतर घ्या, कोणीतरी गाडी सरळ धरायची. मग तुम्ही बूट-जॅकेट घालून बसा, पाय फुटरेस्टवर, तिसऱ्यांदा घ्या. पहिल्यातून तिसरं वजा केलं की तुमचं सॅग. १८० एमएमच्या हालचालीला तीसेक टक्के धरतात, ५५ च्या आसपास यायला पाहिजे. ३० आलं तर गाडी तुमच्यासाठी नाही, लडाखच्या सामानासाठी सेट आहे. स्प्रिंगच्या टोकाला जी रिंग असते, स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते ठरवणारी, ती हुक पान्यानं ढिली करायची, बस.

लेडी_एक्सपल्स

मी ५ फूट १, एक्सपल्स २०० ४व्ही, सीट ८२५ एमएम. हलकी गाडी आहे हे मान्य, पण तुमच्यापेक्षा उंच.

सगळे पाना घेऊन बसले आहेत म्हणून दुसरी बाजू सांगते. दोन्ही पाय टेकवायचेच काहून? थांबायच्या आधी उजवा पाय ब्रेकवर, कंबर सीटवरून डावीकडे थोडी सरकवायची, डावा पाय पूर्ण टाचेपर्यंत टेकतो. ८०० एमएम काय ८२५ काय, अर्धी मांडी सीटबाहेर गेली की पाय पोचतोच. आणि कुठं थांबायचं हे दहा मीटर आधी पाहायचं, मी सिग्नलला गट्टूकडे जातच नाही, सिमेंटच्या मधातच थांबते, मागचा हॉर्न वाजवो नाहीतर आरती करो. पार्किंगमध्ये तोंड उताराकडे कधी नाही, नाहीतर मागे ओढायला माणूस शोधा. रिकाम्या ग्राउंडवर एक रविवार घालवा, पन्नास वेळा थांबा.

दुसरं, सीट. ४११ ची सीट पुढे तेवढी रुंद नाही तरी कडा आहेत. उंचीपेक्षा रुंदी जास्त खाते, मांड्या बाहेर फाकल्या की पाय छोटे होतात. कुशनवाल्याला सांगायचं की वरून २० एमएम काढ आणि पुढच्या दोन्ही कडा गोल उतरव. त्याहून जास्त नाही, नाहीतर चिखलदऱ्यापर्यंत बसणं अवघड होईल आणि गुडघे पण जास्त मुडतात. आवडलं नाही तर नवीन फोम मिळतो, गाडीला काही होत नाही. आणि जाड सोलचे बूट, त्यात फुकटचे २० एमएम आहेत.

नियमानुसार

कोणी बोललं नाही म्हणून. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये हेच परत सांगितलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला एका बदलामागे ५ हजार दंड बसू शकतो, कैदेचीही तरतूद आहे. रिंग फिरवणं म्हणजे बदल नाही, ती कंपनीनंच दिलेली सेटिंग आहे. लेथवरच्या पट्ट्या आणि कापलेला स्टँड ही वेगळी गोष्ट.

सावजी_टूरर

भाऊ व्हरायटी चौकात पोलीस खाली वाकून डॉगबोन मोजणार का आता 😂

नियमानुसार

पोलीस नाही मोजणार. ॲक्सिडेंट झाल्यावर इन्शुरन्सचा सर्व्हेअर मोजेल.

पाय_पुरत_नाहीत

अपडेट देते, तीन आठवडे झाले.

भावाला गाडी धरायला लावून सॅग मोजलं. हवेत ६१२, नुसती गाडी ६०४, मी बसल्यावर ५८३. म्हणजे माझं सॅग फक्त २९! रिंग जवळजवळ शेवटापर्यंत टाइट होती, हुक पाना लावला तर हलेचना, लडाखची माती अजून तिथंच होती बहुतेक. डब्ल्यूडी-४० चा स्प्रे मारून ब्रशनं साफ केली, तास गेला, हाताला फोड, पण सुटली. पूर्ण ढिल्या बाजूला आणल्यावर हवेत ६१२, गाडी ५८७, मी ५६५. सॅग ४७. एक्सलजवळ १८ एमएम, म्हणजे ढिली चेन यांच्या हिशोबानं सीटला बारा-तेरा. ऐकायला काहीच नाही वाटत पण अंगठ्यावरून बोटांवर आले.

मग सीट. कुशनवाल्याकडे समोर बसून करून घेतली, तो सारखा म्हणे मॅडम दोन इंच काढतो ना, मी म्हटलं २० एमएम, त्यानं इंचटेप पाहिला, मला पाहिलं आणि मग काढले. कडा पण उतरवल्या. रेक्झिनसकट ९०० घेतले. आता दोन्ही पायांचे पंजे टेकतात, टाचा हवेत आहेत पण एका बाजूला सरकलं तर टाचसुद्धा टेकते. कंबर सरकवायची प्रॅक्टिस सकाळी सहाला एका रिकाम्या लेआउटमध्ये केली, दुसऱ्या दिवशी कुत्र्यांनी पण भुंकणं सोडून दिलं.

एक प्रॉब्लेम: बाबा मागे बसले की ब्रेकरवर मागून ठप्प करून लागते. ते ७८ किलोचे आहेत.

ढिली_चेन

लागणारच, रिंग तुमच्या ५४ किलोसाठी आहे. बाबांना घेऊन लांब जायचं असेल तर रिंग परत टाइट करा, आता सुटली आहे तर हाताच्या जोरात फिरेल. हुक पाना सीटखाली ठेवा. आकडे पाहून अजून एक दिसतं, रिंग पूर्ण ढिली असताना नुसत्या गाडीचं २५ आणि तुमचं ४७ म्हणजे तुम्ही बसल्यावर २२ च दबते. स्प्रिंग तुमच्यासाठी कडकच आहे, पण बाबांना नेत असाल तर मऊ स्प्रिंगच्या मागे लागू नका, राहू द्या अशीच.

लेथवाले_काकाजी

शाब्बास पोरी. रिंग साफ केली तिथं थोडं ग्रीस लाव, आणि लिंकेजच्या बुशमध्ये पण भर, लडाखहून आलेल्या गाडीत ग्रीस नाही, रेती असते. तिथं कुईकुई आवाज येत असन तं समज कोरडं आहे.

पाय_पुरत_नाहीत

येतो आवाज काकाजी! मला वाटलं सीटचा आहे. या रविवारी खोलून घेते. तिथपर्यंत कोणी सांगेल का, वाकलेला लेग गार्ड सरळ करता येतो की नवीनच घ्यावा लागतो?

लेथवाले_काकाजी

पाइप चेपला नसन तं सरळ होते. चेपला असन तं नवीन घे. फोटो टाक.